पात्यावर फोडलेला नारळ

झेंडूचे ढीग रस्त्यावर यायला लागले की मला शिसारी येते. कोल्हापुरात राहून दसऱ्याच्या तोंडावर हे बोलायची सोय नाही. लोक विचारतात, "बरं न्हाय काय गं तुला?" बरं आहे मला. झेंडूनं माझं काही घोडं मारलेलं नाही. पण त्या ओल्या उग्र वासाच्या मागोमाग माझ्या नाकात दुसरा एक वास शिरतो, हार्डनर नावाच्या रसायनाचा. शिळ्या मासळीसारखा, डोळ्यांत चुरचुरणारा, तीन धुण्यांनंतरही ओढणीतून न जाणारा. तीन वर्षांपूर्वीच्या आश्विनात हे दोन वास माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटले आणि अजून सुटलेले नाहीत.

कसला आश्विन होता तो. पाऊस गेलेला, पण जाताना उकाडा मागं ठेवून गेलेला. पंचगंगेचं पाणी उतरून काठावर गाळाच्या खपल्या वाळत पडल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघत मी नदीवरचं माझं कितवं तरी पत्रक लिहीत होते. मी पत्रकं लिहिते. तेव्हाही लिहायचे. नदीत सोडलेल्या काळ्या पाण्यावर, बंद पडणाऱ्या शाळांवर, बसच्या रद्द झालेल्या फेऱ्यांवर. कागदाच्या दोन बाजू, चार मथळे, दहा उद्गारचिन्हं. दसरा चौकात उभं राहून हातात कोंबायची. लोक घडी घालून खिशात ठेवायचे, काही जण त्यात वडा गुंडाळायचे. वड्याचं तेल लागलेलं पत्रकसुद्धा मला चालायचं. ते निदान कुणाच्या तरी हातात असायचं.

त्या पत्रकांमुळंच मला बोलावणं आलं होतं, पावसाळ्याच्या आधीच. एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या मालकांनी बापाच्या ओतकामाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये हेलिकॉप्टर बनवायला घेतलं होतं. खरंखुरं. दोन माणसांचं, प्रायोगिक, पहिलंच. मालकांना सगळे साहेब म्हणायचे. मीही म्हणायला लागले, दुसऱ्याच दिवशी. साहेब म्हणाले, "तुमची भाषा पेटती आहे. आम्हाला माहितीपत्रकासाठी अशीच भाषा हवी. फक्त जरा पॉझिटिव्ह."

आणि मी गेले. पोटासाठी गेले असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं, पण खोटं कशाला बोलू? ते यंत्र बघून मला भुरळ पडली. शेडच्या मधोमध ते काळं धूड उभं होतं, रंग न दिलेलं, आणि त्याच्या अंगावर कापडाची वीण दिसत होती. उभा धागा, आडवा धागा, अगदी खेसासारखी वीण. दार काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. मी दोन्ही हात घट्ट केले, पाय रोवले, आणि दार इतकं हलकं निघालं की मी मागं झोकांडले. सगळे हसले. त्या हसण्यात मी विकली गेले.

"लोखंड एकजीव असतंय," भरतेशनं मला समजावलं. हा तिथला इंजिनिअर, शिरोळकडचा, शेतकरी घरातला. बोलताना चष्मा सारखा वर सरकवायचा. त्या यंत्राची रेघन्‌रेघ त्यानं काढलेली, आणि पहिल्यांदा त्यात बसणारही तोच होता. "हे म्हंजे कापड. कार्बनच्या धाग्याचं. थरावर थर, प्रत्येक थर जरा तिरका, मधे रेझिन, म्हंजे चिकट राळ. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा शोषून घ्यायची आणि भट्टीत भाजायचं. थरांनी एकमेकांना धरून ठेवलं तर पोलादाला भारी."

"आणि सोडलं तर?"

"तर नुसतं कापड."

रेझिन प्यालेलं ते कापड थंडीत ठेवावं लागतं, नाहीतर आपोआप कडक होतं. त्यासाठी शेडमध्ये आइस्क्रीमचा जुना डीप फ्रीझर होता. त्यावर पेंग्विनचं चित्र आणि आत परदेशातनं आलेल्या कापडाच्या गुंडाळ्या. त्यांच्यावरची परदेशी लेबलं मी स्वतः वाचली. आणि माहितीपत्रकात लिहिलं, "शंभर टक्के या मातीतलं!" शेडच्या एका कोपऱ्यात प्लॅस्टिकचा पडदा लावून कूलर ठेवला होता. त्याला मी लिहिलं, "अत्याधुनिक निर्जंतुक कक्ष!" उद्गारचिन्हं माझीच. सवय होती ना.

त्या पडद्याआड सहा बायका काम करायच्या. त्यांच्यात मोठ्या शमाभाभी, इचलकरंजीच्या. चाळिशीच्या, उंच, आवाज यंत्रमागावरनं ऐकू जाईल असा, कारण तो यंत्रमागाशेजारीच घडलेला. माहेरी माग, सासरी माग. कापडाच्या गुंडाळीवरनं डोळे मिटून हात फिरवायच्या आणि थांबायच्या. "हितं एक तार सुटलीया." भरतेश भिंग घेऊन बघायचा. सुटलेली असायची. साचात थर घालताना एक सुरकुती राहिली तर पातं वाया, आणि भाभींच्या हाताखाली मी सुरकुती कधी बघितली नाही.

भट्टीतनं निघालेला भाग घासून गुळगुळीत करायचं कामही याच बायकांचं. त्याची धूळ काळी, बारीक, आणि काही भागांना काचेच्या धाग्याचं कापड असायचं, त्याची असली तर अंगात घुसणारी. मनगटं, मान, कमरेची घडी, सगळीकडं खाज. गरम पाणी घेतलं की आणखी आत जाते, म्हणून पावसाळी गारठ्यातही त्या गार पाण्यानं हात धुवायच्या आणि मग एकमेकींच्या हातावर चिकटपट्टी लावून ओढायच्या. पट्टीवर चमचमणारी कुसळं यायची. मी एकदा विचारलं, मास्क का नाही लावत? भाभी म्हणाल्या, "हायत की. फोटोच्या दिवशी देत्यात." त्या कुसळांबद्दल माझ्या पत्रकात काही नव्हतं. "तज्ज्ञ हातांची टीम" एवढंच होतं. नदीच्या पाण्यातला फेस मोजणारी मी. माझ्यासमोर एक बाई दंड खाजवून रक्त काढत होती आणि मी 'तज्ज्ञ' हा शब्द मोठ्या टायपात घ्यावा की तिरप्या, याचा विचार करत बसले होते.

थू.

या गावाला लोखंड कळतं. पिढ्यान्‌पिढ्या कळतं. ओतकाम साचातनं बाहेर काढलं की जुना कारागीर त्यावर हातोडीनं हलकंच टिचकावतो. खणखणीत वाजलं तर माल चांगला, बद्द वाजलं तर आत पोकळी. भरतेशनं हीच रीत या काळ्या पात्यांसाठी घेतली. हातोडीऐवजी नाणं. पात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाबोटावर नाणं वाजवत जायचं आणि कान द्यायचा. थर एकमेकांना धरून असतील तर आवाज कोरडा, टणक. आत कुठं सुटले असतील तर तिथं आवाज बसतो. भाभी हे शिकल्या आणि आठ दिवसांत भरतेशच्याही पुढं गेल्या. जन्मभर मागांच्या गोंगाटात एकाच मागाची चूक ऐकणारा कान तो.

पण लोखंडानं या गावाला एक वाईट सवयही लावली आहे. आपटून बघायची. नवीन मशीन आलं, मार दोन थापा. गाडी घेतली, ठोक बॉनेट. पोरगं लाडकं असलं तरी पाठीत धपका. मार लागला तर पोचा दिसेल, दिसला तर ठोकून काढू, एवढा सगळा व्यवहार डोळ्यासमोर. वरनं आरशासारखं गुळगुळीत आणि आतनं निकामी, असलं काही लोखंड करत नाही. त्यामुळं असलं काही असू शकतं यावर इथं कुणाचा विश्वासच बसत नाही.

खंडेनवमीला शेड धुऊन काढली होती. सतरंजीवर कानशी, पाने, ड्रिल, कटर, वजनकाटा, अगदी कात्र्यासुद्धा ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला हळदीकुंकू आणि एकेक झेंडू. ही पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. हत्यारांची सुट्टी. मला लहानपणापासून ही चाल आवडते. वर्षातून एक दिवस पान्यालाही कुणी नमस्कार करतं. मधोमध दोन स्टँडवर दोन पाती, बारा-बारा फुटी, मखमलीवर ठेवलेली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ती बसवून पाहुण्यांसमोर पहिल्यांदा फिरवायची होती. उडवायचं नव्हतं, जमिनीवरच, पण पूर्ण वेगानं. आत भरतेश. माझ्या पत्रकाचा मथळा होता, "आकाशाचं सीमोल्लंघन!"

भरतेश सकाळी घरच्या पूजेला शिरोळला गेला होता. प्रमुख पाहुणे वेळेआधी आले, हे या गावात क्वचित घडतं. कसल्याशा संस्थेचे चेअरमन. कसली संस्था ते मला आजही नीट माहीत नाही. बरोबर आठ-दहा पांढरे शर्ट. पात्याच्या पायाशी नारळासाठी दगड ठेवला होता. भाभींनीच ठेवला होता. चेअरमननी दगडाकडं बघितलं, स्वतःच्या पोटाकडं बघितलं, आणि म्हणाले, "खाली कशाला? आमच्या बापानं लेथ घेतलाता तवा लेथवरच फोडलाता नारळ. मान द्यायचा तर मशीनला द्या की."

"साहेब, न्हाय, त्येच्यावर न्हाय—" भाभी पुढं आल्या.

पहिल्या दणक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्याला फुटला. टाळ्या. पाणी पात्यावरनं झरझर उतरून मखमलीत जिरलं. साहेबांचा चेहरा मी बघत होते. क्षणभर तोंड वासलं, डोळे पात्यावर गेले, मग चेअरमनवर आले आणि हसू परत आलं. त्या हसण्याची मला चेअरमनपेक्षा जास्त किळस येते. चेअरमनना काही कळत नव्हतं. साहेबांना कळलं होतं.

पाहुणे उपीट-जिलेबीकडं वळले. भाभींनी पदरानं पातं पुसलं, कमरेच्या पिशवीतनं नाणं काढलं. नाणं म्हणजे हत्यार नाही, त्यामुळं कुणी अडवलं नाही. टिक, टिक, टिक, टिक. नारळाच्या जागी आल्या आणि आवाज बसला. ओल्या पोत्यावर बोट मारावं तसा. मीसुद्धा ऐकला. पुन्हा वाजवलं. तेच. तळहाताएवढ्या जागेत, सगळीकडं.

"सायेब, पातं गेलं."

"भाभी, ओरखडासुद्धा नाही वर."

"वर कशाला असंल? आत सुटलंय."

"ते असं नाण्यानं ठरत नाही. पुण्याला नेऊन मशीनवर तपासावं लागतं. आज सुट्टी आहे. आणि आज हत्याराला हात लावायचा नसतो, परंपरा आहे आपली."

"हात लावायचा न्हाय, आन उद्या फिरवायचं मातुर?"

पांढऱ्या शर्टांतला एक जिलेबी चावत म्हणाला, "भाभी, आमच्या पूजेतलं तुम्हास्नी काय कळनार? राहू द्या की."

भाभी त्याच्याकडं वळल्या. "माझ्या सासऱ्याच्या चारी मागांवर खंडेनवमीला झेंडू चढतोय, पावणं. आमी नारळ उंबऱ्यावर फोडतो. मागावर न्हाय. तेवढी अक्कल हाय आमास्नी."

मग त्या माझ्याकडं आल्या. मी टेबलावर माहितीपत्रकांचे गठ्ठे लावत होते, गुळगुळीत कागदाचे, शाईचा वास अजून ताजा. "पोरी, तू लिवतीस. लोक वाचत्यात तुजं. एक ओळ लिव. पातं फुटलंय, फिरवू नका. उद्या ह्येच्या जागी ते वाट. मग ह्यांची हिंमत हुनार न्हाय."

आणि मी काय म्हणावं? मी, जी कलेक्टर कचेरीच्या दारात बसून ओरडलेली, जिनं प्रत्येक पत्रकात "प्रशासन पुराव्याची वाट बघतंय, माणसं मरायची वाट बघतंय" असं लिहिलेलं? मी म्हणाले, "भाभी, पुरावा आहे का काही? नुसत्या आवाजावर कसं लिहू?"

त्या रागावल्या नाहीत. नुसतं बघितलं, आणि पुन्हा स्टूल ओढून पात्यापाशी जाऊन बसल्या. तीन वर्षं झाली, मला त्या बघण्याकडं अजून पाठ फिरवता आलेली नाही.

दुपारी भरतेश आला. भाभींनी नाणं त्याच्या हातात दिलं. त्यानं वाजवलं, कान खाली नेला, पुन्हा वाजवलं. चष्मा वर सरकवला. तेवढ्यात साहेब आले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय रे, तुझाच तुझ्या डिझाइनवर विश्वास नाही? चौपट ताकदीचं आहे म्हणाला होतास ना?"

आता सांगते ते चांगल्या माणसाबद्दल आहे, पण सांगायलाच हवं. भरतेशला आवाज कळला होता. पण सहा वर्षं एकाच गोष्टीच्या मागं लागलेल्या माणसाला उद्या ती फिरताना बघायची होती. तो म्हणाला, "एवढ्यानं काही होणार न्हाय, भाभी. मार्जिन हाय आपल्याकडं. मी बसतो."

"बसतोस?"

"बसतो."

"तुजी आई मला वळखती, भरतेश. संक्रांतीला तिळगूळ धाडती. तिला काय सांगू? मार्जिन हुतं म्हनून सांगू?"

भाभी उठल्या, सतरंजीपाशी गेल्या, पूजेतला कटर उचलला. मागनं कुणीतरी ओरडलं, "भाभी! पूजेतलं हाय ते!" त्यांनी त्याच्यावरचं फूल काढून शेजारच्या पान्यावर ठेवलं, नीट, सांडू न देता. पिन खोचली. साहेब शेडच्या दुसऱ्या टोकाला फोनवर होते. ते पळत येईपर्यंत पात्याच्या मध्यात काळ्या धुळीचा फवारा उडाला होता, आणि आला तो सगळ्या झेंडूंवर बसला. सहा बायकांनी महिनाभर घातलेले थर. त्यातले निम्मे भाभींनी स्वतःच्या हातानं घातलेले. चार मिनिटं लागली असतील. कटर बंद झाल्यावर शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज होता.

भरतेश गुडघ्यावर बसला. कापलेली बाजू त्यानं पदराच्या टोकानं पुसली, भाभींच्याच. मग आजूबाजूला बघितलं, टेबलावरचं माझं एक माहितीपत्रक ओढलं आणि त्याचा कोपरा दोन थरांच्या मधे लावला. कागद आत गेला. आणखी ढकलला, आणखी गेला. "आकाशाचं सीमो" एवढं आत गेलं आणि "ल्लंघन" बाहेर राहिलं.

पुरावा मागितला होता ना मी. माझाच कागद त्यात रुतलेला मला दाखवला गेला.

साहेब ओरडले, किमतीबद्दल, पाहुण्यांबद्दल, शिस्तीबद्दल. आत शिरलेल्या कागदाबद्दल एक शब्द नाही. भाभींना संध्याकाळच्या आत गेटबाहेर काढलं आणि वॉचमनच्या वहीत नाव लिहिलं, आत सोडू नये म्हणून. भरतेश कापलेल्या पात्यापाशीच बसून राहिला. तो त्यांच्यामागं गेला नाही. मीही गेले नाही. बाकीच्या पाच बायका झेंडूवरची काळी धूळ झटकत होत्या, कारण दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते.

आणि दसरा झाला की. झोकात झाला. साचा बनवताना केलेलं प्लायवूडचं पातं होतं, त्याला काळा रंग देऊन बसवलं. लांबून कुणाला काय कळतंय? "तांत्रिक कारणामुळे आज फिरवणार नाही" असं माइकवर सांगितलं, आणि कुणाला वाईटसुद्धा वाटलं नाही, कारण सगळ्यांना फोटो हवे होते. चेअरमन आत बसून, हात हलवून, "आपल्या मातीतलं विमान" म्हणाले. विमान म्हणे. मी गेटवर उभी राहून माहितीपत्रकं वाटली. एकूण एक. संध्याकाळी साहेबांनी आपट्याचं पान दिलं, "सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा." मी घेतलं. शिवाय वाकून नमस्कार केला की काय ते आठवत नाही, आणि आठवायची भीती वाटते.

घरी येऊन गार पाण्यानं हात धुतले. खाज नव्हती, तरी धुतले.

नंतर मी पुन्हा नदीवर लिहायला लागले. पण काहीतरी बिघडलं होतं. "प्रशासनाचं मौन" असं लिहायला घेतलं की पेन अडायचा. माझ्या संघटनेतली पोरं म्हणायची, तुझ्या पत्रकात पहिल्यासारखी धार न्हाय. उद्गारचिन्हं मी सोडली होती. ती आता बघवत नाहीत मला. मी एकदाच इचलकरंजीला गेले, भाभींच्या घरी, माफी मागायला. त्या दारात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "बरं, च्या घेनार?" मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा गोड होता.

यंदा पुन्हा झेंडू आला, आणि गेल्या आठवड्यात भरतेशचा फोन. दुसरं यंत्र तयार झालंय. पहिल्यापेक्षा चांगलं. पाती नवीन, पुण्याला मशीनवर तपासून आणलेली, कागद हातात. "सगळं ओके हाय," तो म्हणाला. "पण मी साहेबांना सांगितलंय. भाभींनी वाजवल्याशिवाय मी बसणार न्हाय. तू त्यांना घेऊन येशील? मला तोंड न्हाय त्यांच्याकडं जायला."

मलाही नव्हतं. गेले. भाभींनी एवढंच विचारलं, "तोच बसनार हाय?"

"व्हय."

हातातली कांडी खाली ठेवली, चपला घातल्या. "चल."

गेटवर वॉचमन उठून उभा राहिला, बिचारा कानकोंडा झालेला. "भाभी, तुमचं नाव अजून वहीत हाय. काडायचं कुनी सांगितलं न्हाय. आत कसं सोडू?" मी भांडायला तोंड उघडलं. आतनं साहेबांचा निरोप आला, त्यांना आत घेण्यात तांत्रिक अडचण आहे, पाहुण्यांसारखं बाहेर बसवा, चहा द्या. तीन वर्षांनी वहीतली एक ओळ खोडायला यांचा हात धजेना.

भाभींनी माझा दंड धरून मागं ओढलं. "वरडू नगंस. त्येला आन की हितं भाईर."

मग भरतेश आणि एक कारागीर पातं खांद्यावर घेऊन गेटबाहेर आले. चहाच्या गाडीवाल्यानं दोन बाकडी जोडून दिली. भर रस्त्यावर, सकाळी अकराला, ट्रक वळसा घालून जातायत, आणि बारा फुटी काळं पातं बाकड्यांवर आडवं. भाभींनी नाणं काढलं. ट्रक आला की थांबायच्या, गेला की पुन्हा पहिल्यापासून. चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला, आवाज नको म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

मध्यात एका जागी त्या थांबल्या. मागं आल्या, पुन्हा गेल्या. भरतेशच्या कपाळावरनं घाम चष्म्यावर टपकला. "हितं आवाज निराळा हाय. जोड हाय व्हय आत?"

"व्हय भाभी, दोन थर जादा हायत तिथं."

"मग बराबर."

साहेब तोवर बाहेर आले होते, मोबाइल वर धरून. पात्यावर वाकले. भाभी मान न उचलता म्हणाल्या, "सायेब, सावली पाडू नका." साहेब हटले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे लिहा तुम्ही. कारखाना जनतेच्या दारात! ट्रान्स्परन्सी! मस्त होईल." मी त्यांच्याकडं बघितलं. या माणसासमोर मी कधीकाळी 'साहेब' म्हणून उभी राहत होते. "लिहिते," म्हणाले. हे तेच आहे. उद्गारचिन्हं त्यांची आहेत, मी जशीच्या तशी ठेवली.

दुसरं पातंही झालं. भाभींनी नाणं पिशवीत टाकलं. "बस जा," भरतेशला म्हणाल्या. तो पाया पडायला वाकला, तर त्याला ढकललं. "जा म्हनलं न्हवं. ऊन लागतंय पात्याला."

थांबा, चहा घ्या, बघून जा असं वॉचमन म्हणाला. आत बोलावणं मात्र आलं नाही, ते नाहीच आलं. आम्ही फाट्यावर आलो तर इचलकरंजीची गाडी उभीच होती. मी पाय टाकला. भाभी जागच्या हलल्या नाहीत.

"मावशी, येनार का न्हाय?" कंडक्टर ओरडला.

"जावा तुमी."

माझा मोबाइल वाजला. साहेबांनी फोटो टाकला होता सगळीकडं. "परंपरा आणि तंत्रज्ञानाचा संगम!" फोटोत पातं होतं, भरतेश होता, नाणं होतं. भाभींचा फक्त हात होता, मनगटापाशी कापलेला. त्या मनगटावरचे खाजेचे जुने डाग मात्र स्वच्छ आले होते. मी त्यांना फोटो दाखवला नाही. त्या बघतही नव्हत्या. शेडच्या बाजूला तोंड करून उभ्या होत्या.

इंजिन सुरू झालं. आधी खोकल्यासारखं, मग सलग, मग त्यावर पात्यांचा आवाज चढत गेला. दुसरी गाडी आली. तीही सोडली. त्यांचा हात माझ्या मनगटावर कधी आला मला कळलं नाही, पण नखं रुतत होती. आवाज चढला, अजून चढला, इतका की फाट्यावरची माणसं माना वर करून आभाळात शोधायला लागली. मी मोजत होते, काय ते माहीत नाही. मग तो उतरू लागला. उतरला. थांबला. गेटकडनं टाळ्यांचा, शिट्ट्यांचा गलका आला, आणि त्यात कुणीतरी भरतेशचं नाव घेऊन ओरडत होतं.

भाभींनी माझं मनगट सोडलं. तिसरी गाडी वळण घेत होती.

"कांड्या तशाच टाकून आलीया मी," त्या म्हणाल्या. "चल लवकर, जागा धर."